झालरअक्का

कुणाच्याही घरी गेली की झालरअक्का आधी उंबऱ्याच्या आत फतकल मारून बसायची आणि काही न बोलता घर बघत राहायची. चहा पुढं आला तरी तिची नजर भिंतीवरून हलायची नाही. घरातल्या बाईला वाटायचं, ही आता पडदा सांगेल, फुलं सांगेल, रंगीत कागद सांगेल. अक्का म्हणायची, "काढायचं काय काय, ते आधी बोल." बारसं असो, डोहाळजेवण असो, पोराचा वाढदिवस असो, तिची सुरुवात काढण्यापासून व्हायची. बंद पडलेलं घड्याळ, जुनी कॅलेंडरं, कपाटावरचे रिकामे डबे, खुंट्यांवर लटकलेले कपडे. सगळं गाठोड्यात बांधून ती शेजारच्या घरी ठेवायला लावायची. मग कमरेवर हात ठेवून म्हणायची, "बघ. खुंट्या मोकळ्या झाल्या, निम्मं घर सजलं. अजून आपण काही आणलंय का? काय नाय."

ती शहागंजात एका शिंप्याच्या दुकानात फॉल-पिको करायची. बायका जुन्या साड्यांचे ड्रेस शिवायला टाकत, तेव्हा उरलेले काठ दुकानदार फेकून द्यायचा. अक्का ते घरी आणायची, धुवायची, इस्त्री करायची आणि रंगाला रंग जोडून त्यांच्या लांबच लांब झालरी शिवायची. तिच्या खाटेखाली पत्र्याची पेटी होती, तिच्यात हात-हातभर रुंदीच्या झालरी गुंडाळून ठेवलेल्या असायच्या. हिरव्या वेगळ्या, लाल वेगळ्या, जरीच्या मधोमध. म्हणून ती झालरअक्का. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नव्हतं. गल्लीतल्या प्रत्येक कार्याला तिची पेटी निघायची आणि त्या घराचं तोंड बदलायचं.

मी तिच्या समोरच्या घरात राहायचे. चार घरच्या पोळ्या करते, आमचे हे कंपनीत वॉचमन आहेत. मला चार माणसांत बोलता येत नाही. म्हणून अक्का मला मुकी म्हणायची आणि मदतीला घेऊन जायची. "मला मुकीच बरी. बोलकी बाई आणली की ती घरवालीसंग गप्पा मारते आणि झालर वाकडी लागते." मी स्टुलावर चढायचे, ती खालून सांगायची. "ए मुके, डावं वर. आणखी. बास बास, आता काय छताला शिवतीस?"

भिंतीला खिळा मारायचा नाही हा तिचा नियम होता. आमच्याकडं बहुतेकांची घरं भाड्याची. ती म्हणायची, "भिंत दुसऱ्याची, खिळा आपला कशाला?" ती दोरी बांधायची ती खिडकीच्या गजापासून दाराच्या कडीपर्यंत, आणि झालर लावायची कपड्यांच्या चिमट्यांनी. चिमटे दिसू नयेत म्हणून प्रत्येकावर झालरीचीच एक चुणी ओढून घ्यायची. कागद चिकटवायचा असला तर कणकेची खळ. दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसलं की भिंत होती तशी.

ओल आलेल्या भिंतीचा तिला कधीच प्रश्न पडला नाही. मी एकदा म्हटलं, "अक्का, ही भिंत झाकायची कशी? एवढी झालर नाय आपल्याकडं." ती म्हणाली, "झाकायची कशाला? पाहुण्याची पाठ तिकडं कर. माणसाला पाठीमागं डोळे असतात का?" त्या दिवसापासून मी बघत आले. अक्कानं सजवलेल्या घरात सतरंजी नेहमी अशी पडायची, की बसणाऱ्याची पाठ ओलीकडं आणि तोंड झालरीकडं.

जेवणाचंही तिचं असंच होतं. चार पदार्थ बेताचे करण्यापेक्षा एकच कर आणि तो असा कर की पाहुण्यानं दुसरा मागू नये, असं ती सांगायची. मागच्या गल्लीतल्या एका बाईच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. केक आणायची ऐपत नव्हती आणि बाई तोंड पाडून बसली होती. अक्कानं तिला रव्याचा शिरा करायला लावला, तो गोल पातेल्यात दाबून ताटात उपडा केला, वर चेरी आणि रंगीत बडीशेप लावली, कडेनं गुलाबाच्या पाकळ्या. पोरं टाळ्या वाजवायला लागली. सुरी लावल्याबरोबर एक बाजू ढासळली. अक्का म्हणाली, "बघा, केक कसा मऊ हाय! दाताला तरास नाय." सगळ्यांनी तो चमच्यानं खाल्ला. त्या मुलीची आई नंतर दाराआड रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

ताटं, वाट्या, पेले मात्र उसने आणावे लागायचे. आमच्यात कुणाकडंच दहा-बारा माणसांचं सामान नाही. अक्का स्वतः घरोघर जाऊन ते गोळा करायची आणि परत देताना एकही भांडं रिकामं द्यायची नाही. मूठभर भात, दोन पुऱ्या, काही नसलं तर गुळाचा खडा. "ज्याचं ताट जेवलं, त्याच्या घरात घास गेला पायजे," असं म्हणायची. त्यामुळं तिला भांडं नाही म्हणणारं घर गल्लीत नव्हतं.

आता मला ते लिहायचं आहे ज्यासाठी ही वही उघडली.

माझी मुलगी प्रज्ञा शिकली, दवाखान्यात कागदपत्रांचं काम करते. तिला स्थळं यायची, मुलगी पसंत पडायची, आणि मग घर बघायला माणसं आली की गोष्ट तिथंच थांबायची. दोन स्थळं अशी गेली. आमची दोन खोल्यांची जागा, वर पत्रे. तिसरं स्थळ बिडकीनचं होतं. कारखान्यांसाठी जमीन गेल्यावर त्यांच्याकडं पैसा आला होता आणि त्यांनी बंगला बांधला होता. मुलगा चांगला नोकरीचा, प्रज्ञाशी फोनवर बोलायचा. बोलणी करायला बारा माणसं येणार असा निरोप आला. हेही स्थळ घर बघून गेलं असतं, तर पुढं कोण आलं असतं?

मी अक्काकडं गेले. ती येऊन उंबऱ्यात बसली. बराच वेळ वर पत्र्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "ह्यांच्या बंगल्यात छताला पांढरं प्लास्टर असंल, नक्षीचं. आपण पांढरं धोतर लावू." तिनं गल्लीतून जुनी सुती धोतरं आणि पांढऱ्या साड्या गोळा केल्या, एकमेकींना जोडल्या आणि पत्र्याखाली चांदव्यासारख्या ताणल्या. कडेनं जरीची झालर फिरवली. पत्रा दिसेनासा झाला आणि उन्हाची झळही कमी झाली. कोनाड्यातलं बाकीचं काढलं आणि आमची बुद्धाची मूर्ती तिथं एकटी राहिली, पुढं पितळी वाटीत पाणी आणि तरंगता मोगरा. जेवायला एकच बेत, मसालेभात आणि त्यावर तुपाची धार, सोबत मठ्ठा.

ताटं गोळा करून मी घरी आणली आणि तिथं माझी चूक झाली. आमच्याकडं भांड्यावर नाव घालून घेतात, ते प्रत्येक ताटाच्या काठावर होतं. अकरा ताटांवर अकरा नावं. मला वाटलं, पाहुणे वाचतील आणि म्हणतील, ह्यांच्या घरात स्वतःचं काहीच नाही. दोन दिवस कामावरून आल्यावर मी सोनेरी कागदाची फुलं कापली आणि प्रत्येक नावावर एकेक फूल चिकटवलं. ताटं खरंच सुंदर दिसत होती. अक्का शाबासकी देईल असं मला वाटलं होतं.

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी अक्कानं एक ताट उचललं. फुलावर अंगठा दाबला. "हे काय गं?"

"शोभेला," मी म्हटलं.

"शोभेला? आणि बरोब्बर नावावरच?"

मी खाली बघितलं. अक्का रागावली नाही. तिनं बादली घेतली, खाली बसली आणि ओल्या बोटांनी एकेक फूल काढायला लागली. प्रज्ञा आतून आली, क्षणभर बघत राहिली आणि तिच्या शेजारी बसून काढू लागली. अक्का मला म्हणाली, "नाव झाकलं की ताट चोरीचं वाटतं, मुके. उघडं ठेवलं की त्याच्यामागं माणूस दिसतं." मला ते पटलं नव्हतं. तरी मी बादलीतलं पाणी बदलून आणलं.

पाहुणे आले. मुलाचे वडील वर बघून म्हणाले, "गार वाटतंय हो तुमच्याकडं." माझ्या जिवात जीव आला. पंगत बसली. मी पडद्याआड भाताचं पातेलं घेऊन उभी होते, वाढायला अक्का आणि प्रज्ञा. तेवढ्यात मुलाच्या आत्याबाईंनी ताट फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं, "'चि. राहुलच्या बारशानिमित्त.' कोण हो हा राहुल?"

अक्का म्हणाली, "शेजारचा. ताट बारशाचं हाय, आता मिशा फुटल्यात त्याला."

माणसं हसली. आत्याबाईंनी शेजारणीच्या ताटात बघितलं. "आणि ह्याच्यावर तर उर्दू हाय."

"गल्लीतल्या रुखसानाच्या माहेरचं हाय ते. सोता घासून दिलं तिनं. पंगतीत सगळ्यात चकचकीत तेच हाय का नाय, बघा."

"म्हंजी तुमच्या घरचं एक बी ताट नाय?"

"हाय की. तुमच्या भावापुढं हाय. चांगल्या जागी ठेवलंय." मुलाचे वडील खळखळून हसले आणि त्यांनी भात मागून घेतला. आत्याबाई हसल्या नाहीत.

चौथ्या दिवशी मध्यस्थाचा फोन आला. "बाई, त्यांचं मन फिरलं. उसनवारीचं घर हाय म्हणाले. वाईट वाटून घेऊ नका."

मी फोन ठेवला आणि तशीच निघाले. अक्का नळावर होती, हंडा लावलेला, भोवती पाच बायका. मी आयुष्यात कुणाला मोठ्यानं बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "तुला कुणी सांगितलं होतं फुलं काढायला? माझं घर, माझी पोर. तुझ्यामुळं मोडलं तिचं. तुला ना लेक ना जावई, तुला काय कळणार गं त्यातलं?"

हंडा भरून वाहत होता. नळ बंद करायचं कुणालाच सुचलं नाही. शेवटी अक्कानंच वाकून तो बंद केला. मग म्हणाली, "व्हय. चुकलंच माझं." तिनं हंडा कमरेवर घेतला आणि घरी गेली.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. समोरासमोर दारं, पण ती दिसली की मी आत व्हायचे. मी एकदाच बोलले होते, पण माझं बोलणं गल्लीत फिरत राहिलं. अक्काचा हात लागला की जुळलेलं मोडतं, असं बायका म्हणायला लागल्या. बारशाला, वाढदिवसाला तिला बोलवायच्या. लग्नाची बोलणी असली की बोलवेनात. मला ते कळत होतं. एका शब्दानं मी ते थांबवलं नाही.

असं दीड वर्ष गेलं. अक्काचे डोळे अधू झाले, सुईत दोरा जाईना, दुकानातलं काम सुटलं. पाचोडचा तिचा भाचा टेम्पो घेऊन आला. पेटी चढली, खाट चढली. मी दाराआडून बघत होते. प्रज्ञा मात्र बाहेर गेली, तिला मिठी मारून रडायला लागली. अक्का तिच्या पाठीवर थापटत होती आणि टेम्पोवाल्याला सांगत होती, "अरे बाबा, पेटी उताणी घाल. कडी वर. शिकवलं नाय का कुणी?"

टेम्पो गेला. प्रज्ञा घरात आली आणि भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "आई, ते लग्न त्यांनी नव्हतं मोडलं. मी मोडलं."

मला काही समजेना. तिनं सगळं सांगितलं. पाहुणे गेले त्या दिवशी संध्याकाळी मुलाचा फोन आला होता. तो हसत हसत म्हणाला, "आत्या म्हणत होती, पुढच्या वेळी निदान ताटांवरची नावं तरी झाका. आमची चार माणसं येतात, लाज वाटते." प्रज्ञानं त्याला सांगितलं, मला जमायचं नाही. मुलीनं नकार दिला हे त्यांना सांगायला कमीपणा वाटला असणार, म्हणून त्यांनी घराचं निमित्त केलं.

"मग मला का नाय सांगितलंस?"

"काय सांगू आई? तो जे बोलला तेच तू केलं होतंस. तुला लागलं असतं."

"आणि अक्का?"

"अक्काला ठाऊक होतं. मी फोन ठेवला आणि तडक तिच्याकडंच गेले होते. तू नळावर बोललीस ना, त्यानंतर मी म्हटलं, आईला सांगते सगळं. तिनं मला शपथ घातली."

आठवडी बाजाराच्या दिवशी मी पाचोडला गेले. एसटीत बसून सगळा रस्ताभर मी काय बोलायचं ते मनात म्हणत होते. भाच्याच्या घरी मागच्या पडवीत अक्काची खाट होती. ती बरीच वाळली होती. मी जवळ गेले तरी तिला दिसेना. "कोण?" म्हणाली. मला शब्द फुटेना. ती हसली. "बोलत नाय म्हंजे मुकी आली. बस."

मी तिचे पाय धरले. रस्ताभर पाठ केलेलं सगळं गेलं. एवढंच म्हणाले, "अक्का, तू तेव्हाच का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू पोरीवर आली असतीस. तिला तुझ्याच घरात राहायचं होतं. रोज तोंडापुढं. घरातला राग कुठं जाणार गं? मी आपली समोरची. दार लावलं की झालं."

"मी तुला लेक नाय, जावई नाय असं बोलले."

"ते लागलं," ती म्हणाली. "ते मातर लई लागलं." मग माझा हात चाचपून धरला. "पण तू ओरडलीस ते बरं झालं. मला काळजी होती, ह्या बाईला कुणी पार लुटलं तरी ती हूं का चूं करायची नाय."

मी म्हटलं, "आता घरी गेले की सगळ्यांना सांगते. तुझ्या नावावरचा तो ठपका काढून टाकते."

"अजाबात नाय." तिचा आवाज एकदम पूर्वीसारखा झाला. "पोरगी आपणहून स्थळ मोडते असं झालं, तर तिला कोण करून घेईल? तिचं लगीन होऊ दे आधी. माझं काय, मी इथं पडलेय. इथं मला कुणी सजवायला बोलवत नाय आणि कुणी टाळत बी नाय."

निघताना तिनं भाच्याच्या बायकोला हाक मारून माझ्या पिशवीत भुईमुगाच्या शेंगा घालायला लावल्या. मी परत येईन म्हटलं. थंडी सुरू व्हायच्या आधीच ती गेली. निरोप आला तेव्हा माती झालेली होती. जलदान विधीला गेले, तर तिथं बाया मला विचारत होत्या, तुम्ही अक्काच्या कोण?

प्रज्ञाचं लग्न पुढच्या वर्षी झालं. जावई तिच्याच दवाखान्यात आहे. तो आमच्या घरी पहिल्यांदा आला तेव्हा घर होतं तसंच होतं. मी खुंट्यासुद्धा रिकाम्या केल्या नव्हत्या. प्रज्ञानं त्याला बिडकीनच्या स्थळाची गोष्ट स्वतः आधीच सांगून टाकली होती. विहारात साधं लग्न झालं, गल्लीतल्या सगळ्यांनी राबून केलं. सगळे हसत होते आणि मी मनात दिवस मोजत होते.

लग्नानंतर आठ दिवसांनी मी निघाले. नळावर त्या दिवशी ज्या बाया होत्या, त्यांच्या घरी एकेक करून गेले. रुखसानाकडं गेले, ती ऐकून तोंडाला पदर लावून बसली. वरच्या खोलीतली काकू म्हणाली, आम्ही कुठं खरं मानलं होतं, पण तिनं नजर चुकवली. प्रत्येक दारात मला पहिल्यापासून सांगावं लागायचं, की मीच नावं झाकली होती, पोरीनंच नकार दिला होता आणि अक्कानं न केलेल्या चुकीला हो म्हटलं होतं.

शेवटी राहुलच्या आईकडं गेले. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता सांगून काय उपेग, बाई? अक्का तर गेली."

मी म्हटलं, "अक्काला ठाऊकच होतं. ठाऊक नव्हतं ते तुम्हाला."

तिचा हात थांबला. तव्यावरची भाकरी तिनं उतरवून ठेवली, पिठाचे हात पुसले आणि आतल्या खोलीकडं तोंड करून सासूला हाक मारली, "या बरं बाहेर. तुम्ही बी होतात त्या दिवशी नळावर." म्हातारी हळूहळू भिंत धरत आली आणि माझ्यापुढं बसली. राहुलची आई मला म्हणाली, "ह्यांना बी सांग. समदं. पहिल्यापासून."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.